उभ्या गाडीची फेरी

माणसाला “त्रास होतोय का?” असं विचारायचं आणि त्यानं खरं सांगितलं की त्याला झोपवून टाकायचं, हा त्या खोलीतला नियम कळायला मला बराच वेळ लागला. माझ्या तोंडात नळी होती. ती घशातून खाली श्वासनलिकेत उतरलेली आणि तिचं दुसरं टोक पलंगाशेजारच्या यंत्राला जोडलेलं. अशी नळी असली की आवाज फुटत नाही. म्हणून ठरलं होतं, डोळे एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. नर्स वाकून विचारायची, “काका, त्रास होतोय का?” घशात बोटाएवढी नळी कोंबलेल्या माणसाला त्रास नाही तर काय गुदगुल्या होणार? मी इमानेइतबारे डोळे एकदा मिटायचो. ती “अरेरे” म्हणायची, सलाइनच्या नळीत काहीतरी सोडायची आणि मी गुडुप. जाग आली की पुन्हा तोच प्रश्न.

शेवटी मी खोटं बोलायला शिकलो. बस डेपोत फोरमन म्हणून जन्म घालवला, ड्रायव्हरांच्या हजार थापा पकडल्या, आणि म्हातारपणी स्वतः थापा मारायची वेळ आली, त्याही पापण्यांनी. दोनदा मिटायचे. नाही, काही त्रास नाही, मजेत आहे. एवढ्या भांडवलावर मला जागं राहता येऊ लागलं.

निमोनियाचं निमित्त झालं होतं. दोन्ही फुप्फुसं भरली, घरातच धाप लागली, आणि पुढचं मला आठवत नाही. तो निमोनिया आता बराचसा उतरला होता. डॉक्टर तसं रोज सांगायचे. फुप्फुसं सुधारली, ताप नाही, रक्त ठीक. मग मला सोडा की! पण यंत्र काही सुटत नव्हतं. ते आपल्या तालात हवा आत लोटायचं, माझी छाती वर यायची, मग खाली बसायची. छाती माझी, पण ती हलवणारा दुसराच कोणीतरी होता. मी अधूनमधून स्वतःचा म्हणून एखादा श्वास ओढून बघायचो. तो यंत्राच्या श्वासाच्या मध्येच कडमडायचा आणि यंत्र कोकलायला लागायचं.

यंत्र कोकललं की ही बेल दाबायची.

ही म्हणजे आमची बायको. पलंगाच्या उजव्या अंगाला तिची खुर्ची होती आणि नर्सला बोलवायची लाल बटणाची बेल दिवसभर तिच्या मुठीत. आयुष्यभर मी तिचं एक ऐकलं नाही आणि आता मी पूर्णपणे तिच्या ताब्यात सापडलो होतो. यंत्रानं नुसतं खाकरलं तरी तिचा अंगठा बटणावर. नर्स धावत यायची, आकडे बघायची, यंत्राचा जोर वाढवायची. माझा श्वास तिथल्या तिथे दाबला जायचा. “बघा, आता कसं शांत वाटतंय त्यांना,” ही म्हणायची आणि माझ्या कपाळावरून हात फिरवायची. तिच्या हाताला साबणाचा वास यायचा. मला तिचा इतका राग यायचा आणि त्याच वेळी तिनं तो हात काढू नये असंही वाटायचं.

आमची लेक आली तेव्हा खोलीत जरा जीव आला. तिला आम्ही लहानपणापासून भुंगी म्हणतो, कारण कानाशी प्रश्नांची भुणभुण लावायची. आता ती स्नायूंवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते आणि तीच भुणभुण करायचा पगार घेते. तिनं आल्या आल्या यंत्राचे आकडे वाचले, कपाळाला आठ्या घातल्या आणि डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर तरुण होते, चष्मा सारखा वर सारायचे, माणूस भला. दोघं माझ्या पायथ्याशी उभं राहून बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राचा जोर उतरवून बघायचा, असं ठरलं. किती श्वास मी स्वतः घेऊ शकतो ते कळेल.

त्या चाचणीत मी माती खाल्ली. थंड इंजिनाला ॲक्सिलरेटर दाबून बोंबलायला लावणारा ड्रायव्हर दिसला की मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो, आणि त्या सकाळी मी नेमकं तेच केलं. जोर उतरवल्याबरोबर जणू शर्यत आहे असा हपापून श्वास ओढायला लागलो. दाखवायचं होतं ना सगळ्यांना! पहिले काही बरे गेले. मग श्वास तोकडे व्हायला लागले, मग आणखी तोकडे. मी ओढत होतो आणि आत काही येत नव्हतं. खांदे उडायला लागले, मान ताठली, घाम डोळ्यांत उतरला. यंत्र बोंबलत होतं. हिनं बेल दाबली, मग बेल टाकून नर्सचा हात धरला, “बंद करा हो हे, मरतायत ते!” आणि खरं सांगतो, त्या क्षणी मलाही ते बंद व्हावंसंच वाटत होतं. जोर परत वाढवला. औषध सोडलं. जाग आली तेव्हा ही रडून रडून सुजलेल्या डोळ्यांनी डॉक्टरांना सांगत होती, “आता पुन्हा नाही. आधी त्यांच्या अंगात ताकद येऊ दे. तोवर त्यांना कोणी हात लावायचा नाही.”

मायलेकींचं भांडण झालं ते त्याच दुपारी, माझ्या अंगावरून. एक उजवीकडे, एक डावीकडे, मध्ये मी.

“आई, ताकद येणार कुठून?” भुंगी म्हणाली. “विश्रांतीनंच जातेय त्यांची ताकद.”

“काहीतरीच बोलू नकोस. विश्रांतीनं कधी कोणाची ताकद गेलीय?”

“ह्या स्नायूची जाते. हे बघ, छातीच्या खाली आडवा पडदा असतो, तो श्वास ओढतो. जन्मल्यापासून तो थांबलेलाच नसतो. झोपेतसुद्धा नाही. पाय कित्येक दिवस पडून राहिले की मग रोडावतात. हा पडदा एका दिवसात रोडावायला लागतो.”

“एका दिवसात? उगाच.”

“आम्ही मोजलंय, आई. यंत्र सगळं काम करतं, मग त्या पेशींना कामच उरत नाही. पण पेशीतली इंधन जाळायची घरं असतात ना, त्यांच्याकडे इंधन येतच राहतं. ते नीट जळत नाही, ठिणग्या उडतात. त्या ठिणग्यांनी स्नायूचे धागे पोळतात. मग काही प्रथिनं असतात, त्यांचं कामच कापायचं. ती धाग्यांचे सांधे कापून मोकळे करतात. सुटलेल्या तुकड्यावर एक खूण चिकटवली जाते, हे आता टाकाऊ आहे अशी. आणि पेशीत एक चक्की असते, तिला ती खूण दिसली की ती तुकडा आत ओढते आणि भुगा करते. नवीन धागे विणायचं कामही त्याच वेळी मंदावतं.”

हिनं माझ्या छातीकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, “म्हणजे आतून कोणीतरी त्यांना खातंय?”

“कोणी दुसरं नाही. त्यांच्याच पेशी. त्यांना वाटतं, वापरात नाही तर ठेवायचं कशाला.”

“हे तू उंदरांमध्ये बघितलंस.”

“माणसांमध्येही दिसलंय.”

“असेल. तुझे उंदीर वेगळे आणि माझा माणूस वेगळा. सकाळी त्यांचे डोळे मी बघितलेत. तू नाही बघितलेस, तू आकडे बघत होतीस.” एवढं बोलून हिनं बेल पुन्हा मुठीत घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं.

आणि मी? मी पडल्या जागी उडालो होतो. कारण लेक जे सांगत होती ते मला पाठ होतं. प्रथिनं आणि इंधनाची घरं मला कोणी शिकवली नव्हती, पण उभ्या गाडीचं काय होतं ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

डेपोत एखादी बस नादुरुस्त झाली की ती यार्डाच्या कडेला उभी करतात. एखादा सुटा भाग यायचा असतो, तोवर उभी. बिघाड एवढासा. पण गाडी उभी आहे हे सगळ्यांना दिसतं. सकाळी दुसऱ्या गाडीचा आरसा फुटलेला असतो, मेकॅनिक म्हणतो, तिचा काढा, ती कुठे चाललीय. मग वायपर जातात. मग बॅटरी. मग फॅन बेल्ट. आमचा स्टोअरवाला तर हातात खडू घेऊनच फिरायचा, जे काढायचं त्यावर फुली मारून ठेवायचा, आणि फुली दिसली की पोरं पाना घेऊन हजर. कोणी चोर नव्हतं. प्रत्येकाचं कारण रास्त होतं. आणि एक दिवस तो सुटा भाग यायचा, पण तो बसवायला गाडीच उरलेली नसायची. मग ती भंगारात.

मी फोरमन झालो तेव्हा पहिला नियम हाच केला. उभी गाडी रोज सकाळी चालू करायची आणि यार्डात एक फेरी मारायची. बाहेर काढायची नाही, रस्त्यावर न्यायची नाही, पळवायची तर मुळीच नाही. नुसती एक फेरी. आणि मी त्या गाडीच्या बाजूनं, तिच्या पत्र्याला तळहात लावून चालायचो, पूर्ण फेरीभर. आत काय खडखडतंय ते हाताला आधी कळतं, कानाला नंतर. ड्रायव्हर हसायचे, साहेब म्हशीला चरायला नेतात म्हणायचे. हसू देत. जी गाडी रोज फिरते तिच्यावर खडूची फुली मारायची कोणाची छाती होत नाही.

आता माझ्या छातीखाली कोणीतरी खडू घेऊन फिरत होतं आणि मला ते ऐकायला येत नव्हतं, पण सगळं समजत होतं. फेरी हवी होती. शर्यत नको, विश्रांती नको, फेरी. एवढा एक शब्द. तो माझ्या तोंडात होता आणि त्याच तोंडात नळी होती.

भुंगीनं पाटी आणि पेन दिलं. बोटांत जोर नाही, त्यात माझं अक्षर धडधाकट असतानाही कोणाला लागायचं नाही. मी जे काढलं ते बघून ही म्हणाली, “पाणी मागतायत का?” आणि ओला बोळा ओठांना लावला. मग मी हातानं सांगायला गेलो. पलंगाच्या कठड्यावर तळहात ठेवून सरकवायला लागलो. नर्सला वाटलं, नळी उपटायला निघालेत. तिनं मनगट मऊ पट्टीनं कठड्याला बांधून टाकलं. “सॉरी हं काका,” म्हणाली. गाठ मात्र चांगली पक्की मारली.

संध्याकाळी डॉक्टर आले. चष्मा दोनदा वर सारला, तेव्हाच मला कळलं की बातमी बरी नाही. म्हणाले, घरच्यांची चाचण्यांना तयारी नसेल तर नळी फार दिवस तोंडात ठेवता येत नाही. उद्या गळ्याला छोटं छिद्र पाडून तिथून नळी घालू. मग त्यांना दुसरीकडे हलवता येईल, यंत्रावरच्या लोकांना दीर्घकाळ सांभाळतात तिथे. तिथे हळूहळू प्रयत्न करतात.

“तिथून लोक यंत्रावरून सुटून येतात का?” भुंगीनं विचारलं.

“काही येतात,” डॉक्टर म्हणाले. ते खोटं बोलणारे नव्हते, म्हणून त्यांनी आणखी काही सांगितलं नाही.

हिनं मान डोलावली. “त्यांना त्रास होत नसेल तर चालेल.”

मी घाबरलो. मरणाला घाबरतो तसा घाबरलो नाही, त्याहून जास्त घाबरलो. मला ती जागा डोळ्यांसमोर दिसली. ओळीनं पलंग, ओळीनं यंत्रं, आणि माझ्या उजव्या अंगाला एक खुर्ची, त्या खुर्चीत ही, मुठीत बेल. ती म्हातारी होईल तिथे. मी तसाच असेन, शांत, त्रास न होणारा. आणि हे सगळं ती माझ्यावरच्या मायेपोटी करणार होती. शत्रू असता तर निदान मनातल्या मनात शिव्या तरी घातल्या असत्या.

सकाळी अंग पुसायला नर्सनं मनगटाची पट्टी सोडली. भुंगी बाहेर फोनवर कोणाशी तरी बोलत होती. ही खुर्चीत बसून माझी पांघरुणाची चादर झटकत होती. नर्स भांड्यातलं पाणी बदलायला वळली आणि मी हात कठड्यावर टाकला. तळहात सपाट ठेवला. सरकवला. थांबलो, आत काही खडखडतंय का ते ऐकताना थांबायचो तसा. पुन्हा सरकवला. कठड्याच्या टोकापर्यंत नेला, उचलून परत आणला, पुन्हा पहिल्यापासून. मला वाटत होतं, एवढ्यात पट्टी येईल.

हिचे हात चादरीवर थांबले होते.

“अहो,” ती म्हणाली. “हे काय करताय?”

मी आणखी एकदा केलं.

आमचं क्वार्टर यार्डाला लागून होतं. स्वयंपाकघराची खिडकी थेट यार्डात उघडायची. भुंगी त्या वेळी अंथरुणात असायची, पण ही रोज सकाळी त्या खिडकीत चहा गाळत उभी असायची. लग्नानंतर कितीतरी वर्षं तिनं मला टोमणा मारला होता. “बसला हात लावून चालता तसं बायकोचा हात धरून कधी चालला नाहीत.” मी म्हणायचो, “तू कुठे नादुरुस्त आहेस?” त्यावर ती चहाचा कप आदळायची.

ती उठून माझ्या अगदी जवळ आली. तोंडात नळी आल्यापासून पहिल्यांदाच कोणी मला त्रासाखेरीज दुसरा, पापण्यांनी उत्तर देता येईल असा प्रश्न विचारला.

“फेरी?”

मी डोळे मिटले. एकदा. इतके घट्ट मिटले की पाणी बाहेर आलं.

“फेरी मारायचीय तुम्हाला? उभ्या गाडीची?”

पुन्हा एकदा.

ती तिथेच पलंगाच्या कडेला मटकन बसली. “अगं बाई,” एवढंच म्हणाली. मग दाराकडे बघून अशी ओरडली की नर्सच्या हातातलं भांडं हिंदकळलं. “भुंगी! डॉक्टरांना बोलाव. गळ्याला छिद्र नको म्हणून सांग. बाबांना फेरी मारायचीय!”

भुंगीला काही कळेना. हिनं तिला खिडकी, यार्ड, म्हशीसारखी चालणारी बस, सगळं एका दमात सांगितलं. भुंगी हसायला लागली आणि हसता हसता तिनं तोंड ओढणीत लपवलं. “आई, अगं, मी काल दुसरं काय सांगत होते?”

“तू उंदीर सांगत होतीस,” ही म्हणाली.

डॉक्टर आले, ऐकून घेतलं, चष्मा वर सारला. या वेळी जोर सगळा काढायचा नाही, थोडासाच उतरवायचा, असं ठरलं. थोडाच वेळ, आणि मग विश्रांती. जमलं तर दुपारी पुन्हा थोडा वेळ, उद्या आणखी थोडा. जमलं तर छिद्राचं पुढे ढकलू, म्हणाले, नाहीतर मला ते करावंच लागेल. भुंगी माझ्या कानाशी वाकली. “बाबा, जोरानं ओढायचं नाही हं. अति ओढलं तरी ते धागे फाटतात. यंत्र थोडी मदत देणार आहे, ती घ्या.” मला शिकवते! पण मी डोळे एकदा मिटले.

हिनं बेल उचलली. क्षणभर मला वाटलं, झालं, पुन्हा मुठीत. पण तिनं ती पलंगाच्या पलीकडच्या कठड्याला, तिचा हात पोचणार नाही अशी अडकवून ठेवली. मग पांघरूण बाजूला केलं आणि आपला तळहात माझ्या फासळ्यांच्या खाली, पोटाच्या वर ठेवला. सपाट. बोटं जराशी पसरून. खिडकीतून तिनं किती नीट बघितलं होतं ते मला तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी बटण फिरवलं.

पहिला श्वास मी ओढला तो चमचाभर. तिच्या हाताखाली काहीतरी कुरकुरत उठलं आणि बसलं. दुसरा. यंत्रानं थोडं लोटलं, थोडं मी ओढलं. तिसरा जड गेला. छातीखाली जिथे काही नाहीच असं वाटत होतं तिथे आता दुखायला लागलं, गंजलेलं दार लोटावं तसं दुखायला लागलं. त्या दुखण्याचा मला आनंद झाला, कारण दुखतंय म्हणजे अजून काहीतरी शिल्लक होतं. मग घाम आला. खांदे उडू बघत होते, मी ते दाबले. श्वास तोकडा झाला आणि यंत्र कोकलायला लागलं.

नर्स पुढे झाली. डॉक्टर आकड्यांकडे बघत म्हणाले, “चालेल, अजून ठीक आहे. पण त्यांना विचारा.”

हिचा दुसरा हात बेलच्या दिशेनं गेला होता. तो हवेतच थांबला. तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यावर वाकला आणि तिनं तोच प्रश्न विचारला, ज्याच्या पायी मी खोटारडा झालो होतो.

“त्रास होतोय का हो?”

मी तिच्याकडे बघितलं. आणि डोळे मिटले, एकदाच.

तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळून माझ्या हनुवटीवर पडलं. पण पोटावरचा तळहात जागचा हलला नाही. उलट थोडा अधिकच टेकला.

“होणारच,” ती म्हणाली. “हळू घ्या. अजून यार्डातच आहोत आपण.”